खिडकीतली आरोपी

बंद पडलेल्या यंत्राभोवती चार मराठी माणसं जमली की दोषी कोण हे पाच मिनिटांत ठरतं. तपास त्यानंतर सुरू होतो, आणि तोही मुख्यतः निकाल बरोबर होता एवढं दाखवण्यापुरता. पंखा फिरेनासा झाला की कपॅसिटर. मिक्सर थांबला की कार्बन. टीव्ही गेला की पिक्चर ट्यूब. त्या टीव्हीत ती नसली तरी. आणि जुना मायक्रोप्रोसेसर किट मुका झाला की ईप्रॉम.

ईप्रॉमवर, म्हणजे किटचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपवर, आळ येतो त्याचं कारण तांत्रिक नाही. बोर्डावरच्या बाकीच्या चिपा काळ्या आणि बंद असतात. त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. ईप्रॉमच्या पाठीवर मात्र एक खिडकी असते. तिच्यातून आतला चकाकणारा सिलिकॉनचा तुकडा आणि त्याला जोडलेल्या केसासारख्या तारा सरळ दिसतात. आत डोकावता आलं की माणसाला मत होतं, आणि मत झालं की ते बोलून दाखवावं लागतं.

ती खिडकी शोभेची नाही. या चिपवर लिहायचं विजेने आणि पुसायचं उजेडाने. आत प्रत्येक बिटासाठी एक इवलासा गेट असतो. तो चारही बाजूंनी ऑक्साइडच्या थराने वेढलेला आणि कशालाही न जोडलेला. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन घुसवले की त्या बिटाचं शून्य होतं, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते शून्य वर्षानुवर्षं टिकतं. खिडकीतून अतिनील किरण पाडले की इलेक्ट्रॉनांना भिंत ओलांडण्याइतकं बळ येतं, ते निघून जातात आणि सगळे बिट पुन्हा एक होतात. एखादाच बिट निवडून पुसायची सोय नाही. एका शून्याचं एक करायचं असेल तरी सगळी चिप पुसायची आणि पहिल्यापासून लिहायची.

हा शोध इंटेलमधल्या डॉव्ह फ्रोमन यांचा, आणि गंमत म्हणजे तो एका बिघाडाच्या तपासातच लागला. कंपनीच्या काही मेमरी चिपा नीट चालत नव्हत्या. कारण शोधताना फ्रोमन यांच्या लक्षात आलं की काही गेटांची जोडणीच तुटली आहे, आणि अधांतरी राहिलेल्या त्या गेटांवर विद्युतभार साठतो आहे. आपल्याकडे इथे 'मालच खराब आहे' म्हणून फाईल बंद झाली असती. फ्रोमन यांनी तो दोष मुद्दाम घडवून आणला आणि त्याची मेमरी केली. १९७१ साली १७०२ नावाची चिप आली. तिच्यात २०४८ बिट, म्हणजे २५६ बाइट मावत. आजच्या यूटीएफ-८ युनिकोडात देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, तेव्हा या लेखाचं पहिलं वाक्य त्या चिपमध्ये बसतं आणि दुसरं बसत नाही. माझे काही वाचक म्हणतील, तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती.

तर किट. ज्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकमध्ये किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स केलं, त्यांना ८०८५ मायक्रोप्रोसेसरचा किट सांगावा लागत नाही. हिरवा बोर्ड, कॅल्क्युलेटरसारखी बटणं, लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि शेजारी रमेश गावकरांचं जाडजूड पुस्तक. अर्धा तास एकेक बाइट दाबून भरायचा, मग किट दोन आणि तीन यांची बेरीज पाच अशी दाखवायचा, आणि त्यावर तोंडी परीक्षा व्हायची. माझा एक मित्र पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक आहे. तिथले किट भंगारात निघाले तेव्हा त्याने रीतसर पैसे भरून त्यातला एक उचलला आणि माझ्याकडे आणून ठेवला. त्याच्या घरी ठेवायला परवानगी नव्हती. बटण दाबलं तर डिस्प्ले गप्प.

लगेच मंडळ जमलं. प्राध्यापक होताच. वरच्या मजल्यावरचे काका आले. ते वीज मंडळातून निवृत्त झाले असल्यामुळे कुठलाही बिघाड त्यांना अर्थिंगचा वाटतो. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या मते ज्या यंत्राला अपडेट येत नाही ते वारलेलं असतं. चौथा सभासद तपकीर गल्लीतला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला दुकानदार. तो फोनवर होता आणि किट न बघताच म्हणाला, "ईप्रॉम गेली, साहेब." काकांनी अर्थिंगवरचा दावा तात्पुरता मागे घेतला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

"पुसून टाका आधी, मग बघू," काका म्हणाले.

जुन्या चिपांच्या बाबतीत याहून धोक्याचा सल्ला नाही. आतला मॉनिटर प्रोग्रॅम हीच किटची सगळी अक्कल, आणि तिची दुसरी प्रत असेलच असं नाही. म्हणून पहिला नियम असा की पुसण्याआधी वाचा, आणि एकदा वाचून विश्वास ठेवू नका. आम्ही चिप काढून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रात बसवली आणि वाचली. हे यंत्र शेवटी सगळ्या बाइटांची बेरीज सांगतं, तिला चेकसम म्हणतात. पुन्हा वाचली तर बेरीज वेगळी. तिसरी आणखी वेगळी. साक्ष बदलणारा साक्षीदार पाहून मंडळाला आनंद झाला. "बघा, म्हटलं नव्हतं?" हे वाक्य सर्वांनी आळीपाळीने म्हटलं.

पण चिप खोटं बोलत नव्हती. तिच्या खिडकीवरचं स्टिकर कधीच उडालेलं होतं. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की उघडी खिडकी खोलीतल्या ट्यूबलाइटखाली राहिली तर साधारण तीन वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो आणि थेट उन्हात साधारण आठवड्याभरात. ही बिचारी प्रयोगशाळेच्या उजेडात किती सत्रं उघड्या डोळ्यांनी बसली असेल कोण जाणे. काही गेटांमधला भार ओसरून अगदी काठावर आला होता. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं की आपण शून्य आहोत की एक. अशा वेळी एक युक्ती चालते. वाचताना पुरवठा पाच व्होल्टवरून किंचित उतरवायचा. मग अर्धवट भार उरलेले बिटही जुनं उत्तर देतात. तसं केलं तेव्हा बेरीज दर वेळी तीच येऊ लागली, आणि किटच्या मॅन्युअलमागे छापलेल्या यादीशी ताडून पाहिली तर बाइटन् बाइट जुळला. आवाज चढवून विचारल्यावर गोंधळणारा आणि खालच्या पट्टीत विचारल्यावर बरोबर सांगणारा हा एकमेव साक्षीदार माझ्या पाहण्यात आहे.

आता चिप पुसून तोच मजकूर नव्याने लिहायचा, म्हणजे शून्यं पुन्हा ठणठणीत होतील. पुसण्याच्या कामात मंडळाचा उत्साह शिगेला पोचला, कारण लिहायला ज्ञान लागतं पण पुसता प्रत्येकाला येतं, असा सार्वत्रिक समज आहे.

तपकीर गल्लीतून आणलेल्या जुन्या चिपांवर आधी प्रयोग करायचे ठरले. काकांनी ऊन सुचवलं. डेटाशीटमधला तो आठवडा त्यांनी मनावर घेतला, पण त्यांचे प्रश्न अडचणीचे होते. आठवडा म्हणजे दिवसाचे आठ तास धरायचे की चोवीस? आणि ऊन कुठलं, अमेरिकेतलं की इथलं? एप्रिल चालू होता, गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्याच. काकांनी त्यांच्या शेजारी चिपा मांडल्या, आणि कावळ्यांनी चकाकती वस्तू पळवू नये म्हणून वर एक काच ठेवली.

तिथेच घोळ झाला. आधीच पुसायला उपयोगी पडतील असे किरण उन्हात थोडे असतात, कारण खरे कामाचे आखूड लांबीचे किरण वातावरणात वरच्या वर अडतात. उरलेल्यांतले बरेच साध्या काचेने अडवले. ईप्रॉमची स्वतःची खिडकी क्वार्ट्झची असते ती यासाठीच, कारण साध्या काचेतून तो किरण पलीकडे जात नाही. कुरडया उत्तम वाळल्या. चिपांमधला मजकूर जसाच्या तसा राहिला.

भाचीने नेलपॉलिश वाळवायचा दिवा आणला. त्यावर यूव्ही असं ठळक लिहिलेलं होतं. दुकानदाराने फोनवरून बनावट नोटा ओळखायचा दिवा सुचवला. त्याच्यावरही यूव्ही होतं. दोन्ही दिवे जांभळे, देखणे आणि या कामाला निरुपयोगी. त्यांची तरंगलांबी साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर असते. ईप्रॉमला हवे असतात २५३.७ नॅनोमीटरचे किरण. चारशेच्या खाली गेलं की पुसण्याचा परिणाम सुरू होतो हे खरं, पण ज्या गतीने होतो ती पाहता चिपेआधी बघणारा निवृत्त होईल.

२५३.७ चे किरण देते ती जंतुनाशक पाऱ्याची नळी. घरोघरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत असते त्याच जातीची. आपल्या साध्या ट्यूबलाइटच्या पोटातही पारा नेमका हाच किरण सोडतो. आतली पांढरी पावडर त्याचं साध्या उजेडात रूपांतर करते. हे ऐकून काकांनी एक ट्यूब फोडून तिची पावडर खरवडायची तयारी दाखवली. नळीची काच साधी असल्याने किरण तरीही बाहेर येणार नाही, हे सांगून त्यांना थांबवावं लागलं. ते नाराज झाले. फोडायची परवानगी ज्यात आहे असं काम निवृत्तीनंतर क्वचित मिळतं.

शेवटी इरेजर आणला. हा एक पत्र्याचा डबा असतो. त्याला खण, आत नळी आणि बाहेर वेळ लावायची कळ. हिशेब सोपा आहे. खिडकीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १५ वॉट-सेकंद एवढी ऊर्जा पडली पाहिजे. चांगली नळी अडीच सेंटिमीटरवर असली तर त्याला वीसेक मिनिटं लागतात. खण उघडला की नळी विझते, आणि ती विझायलाच हवी, कारण हा उजेड डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू खुपते, तसाच हाही खुपतो. काकांना मात्र आत काय चाललंय ते बघायचं होतं. "काम चालू आहे हे दिसल्याशिवाय मी बिल पास करत नसे," ते म्हणाले. फटीतून निळसर प्रकाश दिसत होता, पण निळा प्रकाश ही नळी पेटल्याची खूण आहे, चिप पुसली गेल्याची नव्हे. नळी म्हातारी झाली की निळी तशीच दिसते आणि अतिनील मात्र कमी देते. अनेक खात्यांत ही स्थिती असते.

वेळ संपल्यावर ब्लँक चेक केला. पुसलेल्या चिपमध्ये प्रत्येक बाइट एफएफ, म्हणजे सगळे बिट एक असायला हवेत. काही चिपा पास झाल्या, काही नाही. मंडळाने नापास चिपांवर 'डेड' असं लिहायला घेतलं. पण नापास होण्याचेही प्रकार असतात आणि ते वाचता आले की निम्मा तपास संपतो. इकडेतिकडे एखादाच बिट शून्य राहिला असेल तर आणखी उजेड हवा. सगळीकडे एकच ठराविक बिट अडला असेल तर चिपचा किंवा सॉकेटचा तो एक पाय नीट टेकत नाही. आणि वाचलेल्या मजकुराचा अर्धा भाग पुढे तसाच्या तसा पुन्हा येत असेल तर पत्त्याची एखादी वायर बेपत्ता आहे.

पाय टेकत नाहीत ते बहुधा काळे पडल्यामुळे. त्यावर रामबाण उपाय शाळकरी खोडरबर. हजारो रुपयांचा इरेजर चिपचा आतला मजकूर पुसतो आणि पाच रुपयांचं रबर बाहेरचे पाय. पण पहिल्याचं यश पुष्कळदा दुसऱ्यावर अवलंबून असतं. उरलेल्या हट्टी चिपांच्या खिडकीवर जुन्या स्टिकरचा डिंक सापडला. डोळ्यांना तो दिसतही नव्हता, अतिनील किरणांना मात्र तो भिंतीसारखा. तो काढायला भाचीचं नेलपॉलिश रिमूव्हर उपयोगी पडलं. तिचा दिवा कुचकामी ठरला आणि रिमूव्हर हुकमी. ती म्हणाली, "मामा, माझं किट पूर्ण आहे, तुमचंच नाहीये."

यात सगळ्यात लबाड निघाली ती एक पास झालेली चिप. ब्लँक चेक सलग पास, तक्रार शून्य, आणि लिहायला गेलं तर काही लिहिलंच जाईना. पाहिलं तर सॉकेट रिकामं होतं. प्राध्यापकाने चिप साफ करायला काढली होती. बऱ्याच प्रोग्रॅमरांत सॉकेट रिकामं असलं तरी सगळे एकच वाचले जातात. ब्लँक चेकच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा विद्यार्थी वर्गात नव्हताच. प्राध्यापकाला यात काही नवं वाटलं नाही.

पुसलेल्या चिपमध्ये काहीच नसतं असंही नाही. ८०८५ च्या भाषेत एफएफ हा एक हुकूम आहे, त्याचं नाव आरएसटी ७. अर्थ असा की परतीचा पत्ता लिहून ठेव आणि ००३८ वर जा. तिथेही एफएफच. म्हणजे पुन्हा परतीचा पत्ता लिही आणि ००३८ वर जा. कोरी चिप लावलेला किट बंद नसतो. कचेरीत एका खिडकीवरून त्याच खिडकीकडे पाठवलेल्या अर्जदारासारखा तो अखंड काम करत असतो, आणि परतीच्या पत्त्यांनी रॅमचे कागद भरत असतो.

आता लिहिणं. इथे व्होल्टेजचा प्रश्न येतो आणि नंबर फसवतात. इंटेलच्या २७१६ ला लिहिताना २५ व्होल्ट लागतात, २७३२ लाही २५. पण २७३२ए ला २१, २७६४ ला २१ आणि २७६४ए ला साडेबारा. शेवटी एक 'ए' चिकटला की व्होल्टेज उतरतं. साडेबाराच्या चिपला पंचवीस दिले तर ती जागच्या जागी गेली समजा, आणि एकवीसच्या चिपला साडेबारा दिले तर ती थोडेफार बिट घेते, थोडे नाकारते आणि व्हेरिफायला नापास होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर २७१६ याच आकड्याची एक चिप काढली, जिला चालायलाच तीन वेगवेगळे पुरवठे लागतात. इंटेलच्या २७१६ ची जोडीदार त्यांच्याकडे २५१६ या नावाने होती. आडनावावरून सोयरीक जमवू नये ती अशासाठी.

आजचे स्वस्त यूएसबी प्रोग्रॅमर पुष्कळदा २१ किंवा २५ व्होल्टपर्यंत पोचत नाहीत. त्यांच्या यादीत चिपचं नाव असतं, खिडकीत 'प्रोग्रॅमिंग' ही पट्टीही सरकते, आणि शेवटी पहिल्याच पत्त्यावर चूक दाखवली जाते. काकांचं म्हणणं, "कमी दाबाने पण जास्त वेळ द्या. टाकी भरतेच ना?" टाकी भरते, इलेक्ट्रॉन भिंत ओलांडत नाहीत. त्यांना पुरेसा जोर हवा, नुसती चिकाटी नव्हे. प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतला जुना, खोक्याएवढा प्रोग्रॅमर मागवला तेव्हा २१ व्होल्ट मिळाले.

वेळेचाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या पद्धतीत प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंदांचा झटका द्यायचा असे. २७१६ च्या २ किलोबाइटना त्यात पावणेदोन मिनिटं लागत. ८ किलोबाइटच्या २७६४ ला सात मिनिटं होऊ लागली तेव्हा इंटेलने रीत बदलली. एक मिलिसेकंदाचा छोटा झटका द्या, वाचून बघा, लागला नसेल तर पुन्हा द्या, लागला की पक्का करायला थोडे जास्त द्या आणि पुढे चला. समजल्याची खात्री करून पुढे जाण्याची ही पद्धत आपल्याकडे शिक्षणात अजून आलेली नाही, असं प्राध्यापक स्वतःच म्हणाला.

लिहिताना फक्त एकाचं शून्य होतं, हे एकदा मनात बसलं की जुन्या मंडळींची एक हुशारीही कळते. ८०८५ मध्ये ०० या बाइटचा अर्थ 'काही करू नकोस'. कुठल्याही बाइटचे ०० करायला पुसावं लागत नाही. त्यामुळे प्रोग्रॅममधली एखादी नकोशी आज्ञा जागच्या जागी शून्यांनी मारता येते, आणि दुरुस्ती पुढे मोकळ्या एफएफ जागेत लिहिता येते. चुकीची आज्ञा रद्द करायला संपूर्ण व्यवस्था बदलायला नको. तिला काही न करण्याच्या पदावर नेमलं की पुरतं.

बाजारातून आणलेल्या चिपांबद्दलही सांगायला हवं. त्यांतली एक वाचली तर एखाद्या एसटीडी बूथच्या बिल छापणाऱ्या यंत्राचा मजकूर निघाला. त्यात कॉलचे दर होते आणि शेवटी इंग्रजीत थँक यू होतं. दुसरीच्या पाठीवर नवा कोरा नंबर छापलेला होता, पण नेलपॉलिश रिमूव्हर लागताच तो बोळ्यावर उतरला आणि खाली वेगळाच नंबर दिसला. नंतरच्या काळातल्या चिपा स्वतःची ओळख सांगतात. ए९ या पायावर १२ व्होल्ट दिले की त्या निर्मात्याचा आणि मॉडेलचा क्रमांक वाचून दाखवतात. जुन्यांत ती सोय नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, आतून ओरिजिनलच आहे." आतून सगळ्याच ओरिजिनल असतात, प्रश्न कुठल्या ओरिजिनलचा आहे.

किटची मूळ चिप पुसून, तपासून, लिहायला घेतली. फाईल भाचीने भरली. लिहून झालं, व्हेरिफाय पास. किटमध्ये बसवली, बटण दाबलं, डिस्प्ले गप्प. "चिपच गेलीय," मंडळ म्हणालं. ठराव पुन्हा मंजूर.

चिप परत वाचली तेव्हा पहिला बाइट ३ए निघाला. मॅन्युअलमध्ये तिथे तो नव्हता. ३ए हे अपूर्णविरामाचं चिन्ह. जतन केलेली फाईल इंटेल हेक्स स्वरूपात होती. तिच्या प्रत्येक ओळीची सुरुवात अपूर्णविरामाने होते, मग किती बाइट, कुठला पत्ता, मग बाइट आकड्यांत लिहिलेले आणि शेवटी ओळीचा चेकसम. प्रोग्रॅमरला तो मजकूर उलगडून द्यायचा असतो. इथे तो अक्षरशः, विरामचिन्हांसकट, चिपमध्ये गेला होता. असा मजकूर पावणेतीन पटींहून अधिक फुगतो, पण मॉनिटर जेमतेम २ किलोबाइटचा आणि चिप ८ किलोबाइटची, त्यामुळे तो मावला आणि कोणी हटकलं नाही. व्हेरिफाय खरंच पास होतं. दिलं तेच लिहिलंय का एवढंच ते बघतं. काय दिलं याची चौकशी करणं त्याच्या अधिकारात नाही.

आणि प्रोसेसर? तो निमूटपणे अपूर्णविरामही पाळत होता. ८०८५ मध्ये ३ए म्हणजे 'पुढच्या पत्त्यावरचा बाइट आण'. त्यापुढची १ आणि ० ही अक्षरं त्याने पत्ता म्हणून घेतली आणि ३०३१ वर जाऊन आला. त्यापुढे ओळीने शून्यं होती. अक्षररूपात शून्य म्हणजे ३०, आणि ३० हा इंटरप्टवर पडदा टाकायचा हुकूम. तो त्याने सहा वेळा इमानाने बजावला. पुढे काय झालं ते त्यालाच ठाऊक. इतकं आज्ञाधारक कुणी त्या खोलीत दुसरं नव्हतं.

पुन्हा पुसलं, बरोबर फाईल लिहिली, यादीशी ताडली. आता चिपबद्दल कसलाही संशय उरला नाही. म्हणजे मला, मंडळाला उरला, कारण डिस्प्लेवर आता उजेड होता पण आकडे भलतेच होते. काका म्हणाले, "मी दाबून बसवलीय. अगदी घट्ट." हे ऐकल्यावर चिप पुन्हा उपसली. अठ्ठावीस पायांपैकी एक पाय सॉकेटच्या भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडला गेला होता. वरून पाहिलं तर सगळं शिस्तीत. चिमट्याने तो सरळ केला, हलक्या हाताने चिप बसवली, आणि डिस्प्लेवर किटचं नाव उमटलं.

दोन आणि तीन यांची बेरीज करून पाहिली. पाच आली. त्यानंतर श्रेयाचं वाटप झालं. भाचीच्या रिमूव्हरमुळे खिडकी साफ झाली होती. प्राध्यापकाच्या जुन्या प्रोग्रॅमरमुळे व्होल्टेज मिळालं होतं. ईप्रॉमचंच काम आहे हे दुकानदाराने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. काकांच्या मते गच्चीवरच्या उन्हाने चिपांमधला ओलावा गेला होता, आणि शिवाय त्यांनी मधल्या वेळात अर्थिंगही तपासून घेतलं होतं. दोष चिपला एकटीला मिळाला होता. श्रेयात तिचं नाव आलं नाही. ट्यूबलाइटखाली खिडकी उघडी कोणी टाकली, फाईल उलगडली का नाही आणि पाय कोणी दुमडला, यावर मंडळाने चर्चा केली नाही. आरोपी सुटला म्हणून खरा गुन्हेगार शोधायची पद्धत आपल्याकडे नाही.

एक काम राहिलं, खिडकी झाकायचं. अपारदर्शक स्टिकर हवं; त्यावर तारीख आणि आवृत्ती लिहावी, असा संकेत आहे. प्राध्यापकाने चेकसम सुचवला, भाचीने क्यूआर कोड. पण आम्ही पुण्यात होतो आणि पेन काकांच्या हातात होतं. त्यांनी लिहिलं, 'चालू आहे. हात लावू नये.' जागा नखाएवढी होती, तरी 'कृपया' बसलं असतं, असं प्राध्यापक म्हणाला. काका म्हणाले, बसलं असतं.